पुढचा नंबर कुणाचा?

अनोळखी नंबरावरून फोन येतो. तुम्ही उचलता, ‘हॅलो’ म्हणता, आणि पलीकडे क्षणभर काहीच नसतं. मग एकदम आवाज उगवतो: ‘नमस्कार सर, मी अमुक बँकेतून बोलतेय.’ मधल्या त्या शांततेत बरंच काही उरकलेलं असतं. एका सॉफ्टवेअरने तुमचा आवाज मोजलेला असतो. हा जिवंत माणूस आहे की रेकॉर्ड केलेला संदेश, हे ठरवलेलं असतं. हेडसेट लावून बसलेल्या शेदोनशे जणांतून मोकळं कोण ते हेरून तिच्या पडद्यावर तुमचं नाव आणून ठेवलेलं असतं. कॉल सेंटरच्या फ्लोअरवर या सॉफ्टवेअरला सगळे एकाच नावाने ओळखतात: डायलर.

डायलर फोन लावतो हे कुणालाही कळतं. मला गंमत वाटते ती त्याच्या क्रमाची. कुणाला आधी, कुणाला नंतर, कुणाला उद्या सकाळी आणि कुणाला कधीच नाही. लाखभर नंबरांची यादी समोर असताना पुढचा नंबर कुणाचा, हे ठरवण्यात गणित आहे, कायदा आहे, घड्याळ आहे आणि माणसाच्या स्वभावाची चांगली जाणही आहे.

चाड्यावर मूठ

पाभरीने पेरणी करताना चाड्यावर मूठ धरणारी बाई पाहिली असेल. बोटांच्या फटीतून बी सुटत राहतं. मूठ सैल झाली तर बी दाट पडतं, आवळली तर रान मोकळं राहतं. डायलरचं काम हुबेहूब हेच आहे, आणि त्याच्या पोटातही एक चाडं असतं. फ्लोअरवर त्याला ‘हॉपर’ म्हणतात. व्हिसीडायल हे २००३पासूनचं मुक्त स्रोत सॉफ्टवेअर भारतातल्या कितीतरी लहान कॉल सेंटरांत चालतं. त्यात दर मिनिटाला एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो, मोठ्या यादीतून आत्ता फोन करण्याजोगे नंबर निवडतो आणि हॉपरमध्ये टाकतो. ‘फोन नको’ म्हणून नोंद केलेले वगळायचे, ज्यांच्या गावात आत्ता रात्र आहे ते बाजूला ठेवायचे, ज्यांना सकाळीच लावून झाला त्यांना थोडं थांबवायचं. एवढी चाळण लागल्यावर जे उरतात तेच चाड्यात.

आता मूठ किती सैल सोडायची? समजा चारांतला एक जण फोन उचलतो. दहा एजंट मोकळे आहेत, तर एका वेळी चाळीस नंबर लावायचे. हिशेब सोपा वाटतो. पण चाळिसांतून नेमके दहाच उचलतील याची खात्री कोण देणार? कधी सात उचलतात आणि तिघं एजंट रिकामे बसतात. कधी तेरा उचलतात आणि तीन माणसं ‘हॅलो, हॅलो’ करत राहतात, पलीकडे कुणीच नसतं. एजंट शंभर असले तर ही सगळी चढउतार एकमेकांत जिरते आणि अंदाज बरोबर येतो. पाचच असले तर तोच डायलर सतत चुकतो. म्हणून जाणते लोक छोट्या टीमला अंदाजाने पुढे धावणारी पद्धत लावतच नाहीत. एजंट मोकळी झाली की मगच तिच्यासाठी एक नंबर लावतात. या साध्या पद्धतीचं नाव प्रोग्रेसिव्ह आणि धावणारीचं प्रेडिक्टिव्ह.

प्रेडिक्टिव्ह डायलरचं गणित मांडणाऱ्यांत डग्लस सॅम्युएलसन या अमेरिकन संशोधकाचं नाव आघाडीवर आहे. १९८९ साली त्याला मिळालेल्या पेटंटच्या शीर्षकात फोनचा उल्लेखच नाही. ग्राहक सेवकांपर्यंत किती वेगाने पोचावेत याचं नियंत्रण करणारी यंत्रणा, असा त्याचा अर्थ. हे मला फार मार्मिक वाटतं. बँकेत, दवाखान्यात, रेल्वेच्या खिडकीवर रांग लागते तेव्हा माणसं आपल्या मर्जीने येतात आणि आपण खिडक्या कमीजास्त करतो. इथे उलटं झालं. खिडक्या तेवढ्याच, आणि माणसं कधी यावीत हे आपल्या हातात.

मॅनहोलमध्ये उतरणारा गणिती

या साऱ्याचा पाया कोपनहेगनमध्ये घातला गेला. १८७८ साली जन्मलेला आग्नर क्रारुप एरलांग तिथल्या टेलिफोन कंपनीत गणिती म्हणून लागला. त्याला तिथे आणण्यात योहान येन्सेन यांचा हात होता. येन्सेन कंपनीचे मुख्य अभियंते होते आणि ज्यांच्या नावाची असमानता आजही गणिताच्या वर्गात शिकवतात तेच हे येन्सेन. सुरुवातीला एरलांगला मदतनीस कमी होते, म्हणून तो स्वतः रस्त्यावरच्या मॅनहोलमध्ये उतरून केबलची मोजमापं घ्यायचा. मागे शिडी घेतलेला एक कामगार.

फोन कधी येईल हे सांगता येत नाही, पण हजारो फोन कसे येतात याला नियम असतो, हे त्याने १९०९ साली मांडलं. किती तारा लागतील, किती माणसं लागतील याची त्याची सूत्रं १९१७ साली आली. एक तार पूर्ण तासभर गुंतलेली राहिली तर तो भार ‘एक एरलांग’. आजही कॉल सेंटरमध्ये उद्या किती जणांना कामावर बोलवायचं हे ठरवताना याच माणसाची सूत्रं वापरतात.

यादी संपली, आता?

मी काही काळ पुण्यात रात्रपाळीच्या फ्लोअरवर बसलो आहे. एका पहाटे अडीच वाजता चाळीस जणांचे हेडसेट एकदम गप्प झाले. यादी संपली होती. दुसरी तयार होती, पण ती सुरू करण्याचा अधिकार ज्या टीएलकडे, म्हणजे टीम लीडरकडे, होता तो चहाला गेला होता. पंचवीस मिनिटं आम्ही पडद्याकडे बघत बसलो. पगार त्यातल्या प्रत्येक मिनिटाचा मिळत होता, पण टार्गेटही आमच्याच डोक्यावर होतं आणि ती पंचवीस मिनिटं नंतर धापा टाकत भरून काढावी लागली.

या दुखण्यावरचं औषध म्हणजे कॅम्पेनची आपोआप चालणारी साखळी. कॅम्पेन म्हणजे एक यादी, एक संहिता, एक ठरावीक वेळ आणि एक टीम. जेनेसिस क्लाउडसारख्या सॉफ्टवेअरमध्ये अशी कॅम्पेनं एकाखाली एक लावून ठेवता येतात. पहिल्यात लावण्याजोगा नंबर उरला नाही की ती थांबते आणि दुसरी आपसूक सुरू होते. दुसरीनंतर तिसरी. शेवटची संपली की पुन्हा पहिलीपासून फिरवायचं की थांबायचं, हेही आधीच सांगून ठेवायचं.

ऐकायला हे गिरणीत डबे ओळीने लावून ठेवण्याइतकं सोपं. खरी मेख ‘संपली’ या शब्दात आहे. हजारांतले सहाशे उचलले, शंभर चुकीचे निघाले, उरलेले तीनशे? त्यांतले काही बिझी होते, त्यांना अर्ध्या तासाने पुन्हा लावायचं आहे. काहींनी उचललाच नाही, त्यांना संध्याकाळी. चौघी म्हणाल्या, ‘उद्या अकरानंतर करा.’ आता यादी संपली म्हणायची का? साखळी घाईने पुढे सरकली तर हे तीनशे अधांतरी राहतात. त्यांच्यासाठी अडून बसली तर पुढची कॅम्पेन सुरूच होत नाही. प्रत्येक नंबरावर किती प्रयत्न, दोन प्रयत्नांत किती अंतर आणि कुठल्या उत्तरानंतर नंबर कायमचा बंद, हे ज्याने नीट भरलं त्याचीच साखळी नीट चालते.

आणि हे सगळं उभं राहतं एजंटच्या एका क्लिकवर. फोन संपला की ती निकालाचा कोड टाकते. फ्लोअरच्या भाषेत डिस्पोझिशन. ‘चुकीचा नंबर’, ‘रस नाही’, ‘नंतर करा’, ‘भाषा कळत नाही’. ‘रस नाही’ऐवजी ‘नंतर करा’वर बोट पडलं, तर ज्या आजोबांनी हात जोडून नको म्हटलं त्यांना डायलर उद्या पुन्हा उठवणार. घाईत दाबलेलं ते बटण मला या सगळ्या यंत्रणेतलं सर्वांत मोलाचं बटण वाटतं.

न्यूयॉर्कची सकाळ, पुण्याची संध्याकाळ

अमेरिकेच्या नियमांनुसार विक्रीचा फोन घरी करायचा तर सकाळी ८ ते रात्री ९ या वेळेतच, आणि घड्याळ धरायचं ते उचलणाऱ्याचं. पुण्यातून हे कसं दिसतं? हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा. कॅलिफोर्नियात रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेदहा. म्हणजे खिडकी एकूण सोळा तासांची, आणि ती पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत जाते. आधी पूर्व किनारा, तासाने शिकागो, मग डेनव्हर, मग लॉस एंजेलिस. साखळीतली कॅम्पेनं याच ओळीने लावतात. उन्हाळ्यात तिकडची घड्याळं पुढे गेली की इकडची शिफ्ट तासभर आधी सुरू.

त्यातही खोडे आहेत. ॲरिझोनाचा बहुतेक भाग घड्याळ बदलतच नाही. टेनेसी राज्य दोन वेळांत विभागलेलं, नॉक्सव्हिलमध्ये नऊ तेव्हा नॅशव्हिलमध्ये आठ. शिवाय २००३ सालापासून तिकडे मोबाईल कंपनी बदलली तरी नंबर सोबत नेता येतो, आणि घर बदललं म्हणून कुणी नंबर बदलत नाही. त्यामुळे न्यूयॉर्कचा कोड असलेली व्यक्ती कॅलिफोर्नियात गाढ झोपेत असू शकते. न्यूयॉर्कचे सकाळचे आठ म्हणजे तिचे पहाटेचे पाच!

फ्रान्सने तर जेवणाची वेळही राखली. १ मार्च २०२३पासून तिथे विक्रीचे फोन फक्त सोमवार ते शुक्रवार, सकाळी १० ते १ आणि दुपारी २ ते ८ या वेळेत. एक ते दोन फोन बंद. एका कंपनीने एका माणसाला तीस दिवसांत चारपेक्षा जास्त वेळा गाठायचं नाही, आणि त्याने नको म्हटलं तर साठ दिवस त्याचं नाव घ्यायचं नाही. माणूस जेवायला बसला आहे हे ध्यानात ठेवणाऱ्या त्या नियमाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आपल्याकडे ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१० सालच्या नियमांनी रात्री ९ ते सकाळी ९ व्यावसायिक फोनना दार बंद केलं. पुढे टेलिमार्केटिंगसाठी १४०ने सुरू होणारे नंबर आले, बँका आणि वित्तीय संस्थांसाठी १६००ची मालिका. १९०९वर फोन किंवा एसएमएस केला की ‘नको’ नोंदवता येतं. कर्जवसुलीच्या एजंटांनी सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर फोन करू नये, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२मध्ये बजावलं. यातला प्रत्येक आकडा कुठल्या तरी डायलरच्या सेटिंगमध्ये कुणीतरी बोटाने भरलेला असतो.

‘हॅलो’ मोजणारं यंत्र

फोन उचलल्यावर ‘हॅलो’ म्हणावं, हे १८७७ साली एडिसनने एका पत्रात सुचवलं. खुद्द टेलिफोनचे जनक बेल यांना ‘अहॉय’ पसंत होतं. तो छोटा शब्द आता यंत्राच्या कामी येतो. माणूस ‘हॅलो’ म्हणतो आणि गप्प होतो, उत्तराची वाट बघतो. आन्सरिंग मशीन मात्र ‘आम्ही सध्या घरी नाही, कृपया…’ करत न थांबता बोलत राहतं. डायलर फक्त लांबी मोजतो. ॲस्टरिस्क या मुक्त स्रोत टेलिफोन सॉफ्टवेअरच्या नमुना सेटिंगमध्ये दीड सेकंदापेक्षा लांब अभिवादन म्हणजे मशीन, आणि छोट्या अभिवादनानंतर ०.८ सेकंद शांतता म्हणजे माणूस. तुम्ही दोनदा ‘हॅलो’ म्हणता ते याच शांततेमुळे. २ ऑक्टोबर २०२२पासून महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणायला सांगितलं. नेहमीच्या वेगात म्हटलं तर तेही दीड सेकंदात सहज बसतं.

फसवाफसवीही झाली. अमेरिकेत नंबर बंद असला की चढत्या सुराच्या तीन शिट्ट्या वाजतात, पहिली सुमारे ९५० हर्ट्‌झची. ती ऐकली की डायलर नंबर ‘बंद’ म्हणून खोडतो. टेलिझॅपर नावाचं एक छोटं यंत्र २००० नंतरच्या पहिल्या वर्षांत तिकडे विकायला आलं. फोन उचलताच ते पहिल्या शिट्टीसारखा आवाज काढायचं. डायलर समजायचा, नंबर गेला. घरातली आजी मात्र आरामात ‘हॅलो’ म्हणत असायची.

त्याच सुमारास, २००३ साली, तिथली ‘फोन करू नका’ ही राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. टेलिमार्केटिंगवाल्यांची संघटना तिच्या विरोधात उभी राहिली, तेव्हा स्तंभलेखक डेव्ह बॅरी याने त्या संघटनेचाच फोन नंबर छापून वाचकांना दिला. इतके फोन आले की संघटनेला फोन उचलणं थांबवावं लागलं.

शंभरात तीन

मूठ फार सैल सुटली की उचलणाऱ्याला पलीकडे कुणीच भेटत नाही. एकट्या राहणाऱ्या बाईला रात्री आठ वाजता असा मुका फोन दोनदा आला, तर ती दाराची कडी तपासून येते. म्हणूनच यावर कायदे कडक झाले. अमेरिकेत उचललेल्या शंभर फोनांपैकी तीनपेक्षा जास्त असे सुटता कामा नयेत. उचलणाऱ्याचं अभिवादन संपल्यावर दोन सेकंदांत माणूस जोडायचा. आणि कापण्याआधी फोन किमान १५ सेकंद किंवा चार वेळा वाजू द्यायचा. हा शेवटचा नियम मला विशेष आवडतो. गुडघे धरून उठणाऱ्या माणसाला फोनपर्यंत यायला तेवढा वेळ लागतोच. ब्रिटनमध्ये मुक्या फोनांबद्दलचा जास्तीत जास्त दंड २००६ साली ५ हजार पौंडांवरून ५० हजारांवर गेला आणि २०१०मध्ये थेट २० लाखांवर.

आईची साखळी

आता याच तंत्राची मला सर्वांत प्रिय असलेली बाजू.

केंद्र सरकारची ‘किलकारी’ सेवा २०१६ साली सुरू झाली. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत आईच्या मोबाईलवर दर आठवड्याला एक ध्वनिसंदेश, एकूण ७२. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्रासाठी तिची सुरुवात झाली. इथे एक यादी सगळ्यांना सारखी चालत नाही. प्रत्येक आईची साखळी तिच्या पाळीच्या तारखेवरून किंवा बाळाच्या जन्मतारखेवरून स्वतंत्र सुरू होते. शेजारशेजारच्या दोन घरांत एकीला लोहाच्या गोळ्यांची आठवण, दुसरीला लसीची.

मुंबईच्या ‘अरमान’ या संस्थेची ‘एममित्र’ सेवा त्याहून बारीक विणलेली आहे. डॉ. अपर्णा हेगडे यांनी ही संस्था २००८ साली उभी केली. एममित्रमध्ये गरोदरपणात आठवड्याला दोन फोन, बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात रोज एक, बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत आठवड्याला दोन आणि मग वर्षभराचं होईपर्यंत एक. फोन कुठल्या वेळेला यावा हे ती बाई स्वतः ठरवते. पाणी येण्याची वेळ, नवरा घरी असण्याची वेळ, मोबाईल कुणाच्या हातात असतो ती वेळ, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

तरी काहीजणी हळूहळू ऐकणं सोडतात. त्यांना आरोग्यसेविकेने स्वतः फोन केला तर त्या परततात. पण सेविका मोजक्या आणि आया हजारो. मग आज कुणाला फोन करायचा? पीटर व्हिटल या गणितीने १९८८ साली असाच एक प्रश्न मांडला होता: अनेक गोष्टी आपापल्या परीने बदलत आहेत, लक्ष मोजक्यांकडेच देता येतं, तर ते कुणाकडे द्यावं? संशोधक मिलिंद तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते गणित एममित्रला लावलं. जी फोनशिवायही ऐकणारच आहे तिच्यावर सेविकेचा वेळ घालवायचा नाही. जी फोन करूनही ऐकणार नाही तिच्यावरही नाही. जिच्या बाबतीत एका फोनने फरक पडेल ती आज शोधायची, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा नव्याने.

२०२१ साली २३,००३ स्त्रियांसह सात आठवडे हा प्रयोग चालला. एका गटाला सेविकेचा एकही फोन नाही. दुसऱ्यात सेविकेचे फोन ओळीने, आळीपाळीने. तिसऱ्यात फोन तितकेच, पण कुणाला करायचे ते गणिताने ठरवलेलं. ओळीने फोन केलेल्या गटात पहिल्यापेक्षा ठामपणे सांगावा असा फरक दिसला नाही. तिसऱ्यात मात्र ऐकणं सोडून देण्याचं प्रमाण जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झालं. पुढच्या वर्षी हीच पद्धत ‘सहेली’ या नावाने एममित्रच्या रोजच्या कामात आली, आणि सेविकांच्या हातात दर आठवड्याला नव्या नावांची यादी पडू लागली.